लॅनिव्हेटची सेवापुस्तिका

कौन्सिलच्या मिसेस लक्स्टननी एक पान मागितलंय.
"चीफ, तुम्ही अकरा वर्षं होतात तिच्यावर,
भिंतीवर लावायचंय, फार लांबवू नका."
तर लिहितो.

जन्म: क्लाइडच्या उतारावर, फेब्रुवारीत.
शॅम्पेनची बाटली पहिल्या फेकीत फुटली नाही,
दुसऱ्याही नाही.
तिसऱ्या वेळी डंकन मॅकफेड्रन नावाच्या वेल्डरने
खालून हळूच हातोडा लावला
आणि टाळ्या ॲडमिरलच्या पत्नीने घेतल्या.
हे कुठल्याच वहीत नाही.

हुद्दा: फ्रिगेट. काम: ऐकणं.
तोफ होती, क्षेपणास्त्रं होती, मागे हेलिकॉप्टर होतं,
पण घडवली होती ती कान म्हणून.
लांबलचक शेपटी पाण्यात सोडून
आइसलंडच्या खाली ती संथ चालायची,
आणि आम्ही तिच्या पोटात, चोरपावलांनी.
इंजिनं रबरावर निजवलेली,
पाने-पकडी फडक्यात गुंडाळलेल्या.
आचारी प्रिडोच्या हातून एकदा पातेल्याचं झाकण पडलं,
लगेच वरून फोन: पाणबुडी निसटली.
कदाचित नव्हतीच.
पण पुढे वर्षभर पोरं त्याला विचारायची,
मॉस्कोहून पगार वेळेवर येतो ना?

बदल्या: आखात, तीनदा.
इंजिन रूममध्ये बावन्न अंश,
पाळी संपली की बुटातून घाम ओतायचा.
फॉकलंड, एक जून, म्हणजे तिथला ऐन हिवाळा;
पेंग्विन उभे, आम्हीही उभे.
कॅरिबियनमध्ये वादळानंतर एका बेटावर
चार दिवस समुद्राचं गोडं पाणी करून
पाइपाने धक्क्यावर दिलं.
बादली घेऊन आलेल्या म्हातारीनं विचारलं,
एवढं मोठं जहाज असतं कशासाठी?
म्हणालो, ह्यासाठीच.
त्या चार दिवसांपुरतं ते खरं होतं.

शत्रूवर झाडलेल्या फैरी: शून्य.
मिसेस लक्स्टन म्हणाल्या, इथे काहीतरी हवं होतं.

मृत्यू: एक.
इझाक ट्रेमेथिक, वय बावीस, बॅरेंट्स समुद्र,
कठड्यावरचा बर्फ फोडायला गेला.
नऊ तास आम्ही गोल गोल फिरलो.
जिला कित्येक मैलांवरचा पंखा ऐकू यायचा
तिला तो ऐकू आला नाही.

इथे एक ओळ मोकळी सोडा.

दुरुस्ती: डेव्हनपोर्टच्या गोदीत दोनदा चामडी सोलली.
तिसऱ्यांदा फोरमननं तळाच्या पत्र्यावर टिचकी मारली
आणि म्हणाला, चीफ, हिला आता फक्त रंगानं धरून ठेवलंय.

निवृत्ती: मंगळवार, भरतीच्या वेळी.
टगनं दोरी लावली, तुर्कस्तानला भंगारात.
डेव्हिल्स पॉइंटवर आम्ही तीस-चाळीस जण होतो,
प्रिडो काठी टेकत आला होता.
आत कुणी नाही, एकही यंत्र सुरू नाही.
बांधणाऱ्यांना हवी होती तितकी गप्प
ती त्या दिवशी पहिल्यांदा झाली.
प्रिडो पुटपुटला, आता टाक म्हणावं झाकण.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

जमा वस्तू: घंटा, पितळी, एक.
खलाशांच्या लेकरांचा बाप्तिस्मा
ती उलटी करून, तिच्यातल्या पाण्यानं व्हायचा
आणि नाव आतून कोरलं जायचं.
सतरा नावं आहेत. नववं माझ्या लोवेनाचं.
चौदावं इझाकच्या मुलाचं;
तो बाप गेल्यावर दोन महिन्यांनी जन्मला
आणि घंटेत रडला तेव्हा पितळ बराच वेळ घुमत राहिलं.
बोट घातलं की अक्षरं लागतात.
काचेत ठेवू नका.

पान भरलं, मागेही लिहिलंय.
जास्त झालं तर आखात कापा, पेंग्विन कापा.
डंकनचा हातोडा मात्र राहू द्या.