अठरानंतर वीस

मी तारखा छापतो.
मेक्सिको सिटीत, दोक्तोरेस वस्तीत,
टायरवाल्याच्या मागच्या खोलीत
आमचं यंत्र अजून खोकत खोकत चालतं.
रोज एक पान फाडायचं कॅलेंडर.
आकड्याखाली त्या दिवसाचा संत,
पाठीमागे चंद्राची कला, एखादं कोडं,
नाहीतर भोपळ्याच्या फुलांचं सूप.
खाटीक, टॉर्तियावाले, औषधवाले
वर आपलं नाव छापून घेतात
आणि नाताळात गिऱ्हाइकांना फुकट वाटतात.

सप्टेंबरला लाल शाई जास्त लागते.
सोळाला स्वातंत्र्य: झेंडे, ढोल, रात्रभर फटाके.
मग झेंडे अजून गॅलऱ्यांत लोंबत असतात
आणि येतो एकोणीस.
सान हेनारोचा दिवस.

पंच्याऐंशीत तो गुरुवारी आला,
सकाळी सात वाजून एकोणीस मिनिटांनी.
मी नऊ वर्षांचा. हातात दुधाचा पेला.
आधी दूध हललं, मग मी.
माझी बहीण एउलालिया तेव्हा
शिवणकारखान्याच्या पाचव्या मजल्यावर
कॉलरी जोडत होती.
त्या ढिगाऱ्यातून आधी यंत्रं बाहेर आली,
मग कापडाचे तागे,
मग माणसं.

तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला
शहर वाचायची तालीम करतं.
छापणाऱ्याला वाटायचं, वाचणं आपल्याला कळतं.
हे वाचणं वेगळं.
यात अक्षरं नसतात, जिने असतात.

सतराला मंगळवार होता.
अकराला भोंगा झाला, आम्ही उतरलो.
दोन्या प्लासिदा केसांत रोलर तशीच,
काखेत कुत्रं, वर चुलीवर घेवडा.
"जळला तर सरकार भरून देणार का?"
सगळे हसलो, परत वर गेलो.
एक वाजून चौदा मिनिटांनी
जमीन तालमीला नव्हती आली.

त्या रात्री रस्त्यात एकानं मूठ वर केली.
मग दुसऱ्यानं. मग सगळ्या गल्लीनं.
घोषणा नव्हती ती. गप्प राहा, एवढंच.
जनरेटर बंद, फावडी बंद,
शेकडो माणसं मूठ उंचावून
सिमेंटखालच्या एका श्वासासाठी
कान देऊन उभी.
मी इतकी शांतता छापून कशी दाखवू?

आणि बाविसाला पुन्हा. सोमवार.
तालमीला अजून तासही झाला नव्हता.
लोक रस्त्यात रडत होते आणि त्यातच हसतही होते,
एकजण कॅलेंडरला शिव्या देत होता,
म्हणजे मलाच.

रेडिओवर एक प्राध्यापक म्हणाले,
भूगर्भाला तारीख कळत नाही.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, इतकंच.
असेल. शिकलेला माणूस.
पण तीनदा?
आमच्या गल्लीत आता
कावळा दिसला की लोक फांदीखालून सरकतात.

औषधवाले दोन फिदेन्सियो दुकानात आले,
टोपी काढली, हळूच म्हणाले,
"माझ्या गठ्ठ्यात तेवढा एक दिवस गाळा.
अठरानंतर वीस. पैसे पूर्ण देईन."
मी जुळवून पाहिलं.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसा अंगठा तिथंच जात राहिला.

शिवाय ती पोरगी आहे, पलीकडच्या चाळीतली,
सतराला अंगणात, खुर्च्यांच्या आडोशाला जन्मली.
दरवर्षी येते, हात पुढे करते:
"माझं पान."
तिला काय सांगणार?

आमच्या घरी पान फाडायचं काम एउलालियाचं.
रात्री, कामावरून आली, चपला काढल्या, की.
सकाळी कुणी फाडलं तर ओरडायची:
दिवस संपल्याशिवाय फाडायचा नाही.

तेव्हा कुणी फाडलंच नाही.
स्वयंपाकघरात, वाफेनं पिवळा पडत,
एकोणीस फेब्रुवारीपर्यंत होता.