पट्टी

घणसोलीच्या गावठाणात, चिंचआळीच्या टोकाला
पत्र्याच्या खोलीत आमचं चॅनल होतं.
चॅनल म्हणजे एक डीव्हीडी, एक कॉम्प्युटर
आणि त्याच्यासमोर मी, नववी ब.

पडद्याच्या तळाशी सरकायची ती पट्टी माझी.
पप्पा वसुलीच्या वहीत खोचून चिठ्ठ्या आणायचे,
मी टाइप करायचे:
"सिम्प्लेक्सजवळ चाव्यांचा जुडगा सापडला. खूण पटवून न्यावा."
"उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा."
"कु. स्वरांजली हिस वाढदिवसाच्या शुभेच्छा. शुभेच्छुक: मामा, टेम्पोवाले."
एकदा दुःखद निधनातला विसर्ग राहिला
तर वैती मास्तर भर दुपारी खोलीवर आले,
म्हणाले, गेलेल्या माणसाला
निदान दोन टिंबं तरी द्या.

सातशे बारा घरं.
वायर गच्चीवरून गच्चीवर, पेरूच्या झाडातून,
माथाडींच्या खोल्यांवरून, कुठे कुठे कपडे वाळत घातलेली.
खरखर आली की फोनआधी हाक यायची,
"हिरामण, चित्र गेलं!"
आणि मालिकेत जाहिरात लागली
की आळीभर एकदम नळ सुटायचे.

मग काचेची बारीक तार आली.
पप्पांनीच ओढली ती,
जुन्या वायरच्या वाटेनं, त्याच खिळ्यांवरून.
कंपनीनं टी-शर्ट दिला. कमिशन दिलं.
कुणी फसवलं नाही, हेही लिहायला हवं.
ज्याला जे हवं ते हवं तेव्हा मिळालं.
मलाही. मी रात्री दोनला दीडपट वेगानं
कोरियातलं एक लग्न मोडताना बघते,
आणि सकाळी कुणाशी बोलायला जावं तर
कुणी तिथवर आलेलं नसतं,
किंवा कधीच पुढे गेलेलं असतं.

परवा पप्पा ओट्यावर कानात बोंडं घालून हसत होते.
डोळे पुसावे लागतील इतकं.
मी विचारलं, काय?
त्यांनी हात हलवला, थांब गो, नंतर.
ते नंतर अजून आलेलं नाही.

वसुलीच्या वहीत आता नऊ नावं,
त्यातली आठ कुलूप लागलेल्या खोल्यांची.
नववे शेडगेमामा.
कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं पाठ वाकवलेले.
त्यांच्या रिमोटची दोनच बटणं चालतात.
पप्पा म्हणाले, मामा, नवीन जोडून देतो, स्वस्तात.
मामा म्हणाले,
"त्यात काय बघायचं ते आपणच ठरवाय लागतं म्हणं.
मी कधी गोणी निवडून उचलली न्हाई.
म्होरं येईल ती घेतली.
तसंच बघतो."

मंगळवारी खोलीतला कॉम्प्युटर बंद पडला.
एकच फोन आला.
"पट्टी का थांबली?"
सात वर्षं त्या पट्टीवर एकच ओळ होती,
बिल वेळेवर भरावे.

गेले. पालीची अंडी झटकली, वायर हलवली.
कीबोर्डवर ध पुसला गेलाय, बोटाला मात्र अजून सापडतो.
वरती कर्सर लुकलुकत होता
आणि मला काय लिहावं सुचेना.
सातशे बारा घरांना सांगायचं तर सुचायचं.
दाराशी एक काळी छत्री होती, गेल्या आषाढापासूनची.
मग टाइप केलं:

"शेडगेमामा, तुमची छत्री आमच्याकडे राहिली आहे.
खूण पटवायची गरज नाही."

ती उजवीकडून आली, डावीकडे गेली.
पुन्हा आली.

दोन दिवस झाले, छत्री न्यायला कुणी येईना.
शेवटी मीच फोन केला, घेऊन येऊ का?
मागे टीव्हीचा आवाज होता. मामा हळूच म्हणाले,
"ऱ्हाऊ दे अजून दोन दिस.
वाचतोय."