ऱ्हस्व मि

बुदापेस्ट, त्र्याहत्तरचा फेब्रुवारी.
तिसऱ्या मजल्यावरची खोली, रेडिएटर तापत नाही.
एतेल्का बोदोर कोट न काढताच बसलीय.

समोर तिचाच निबंध, माणसाच्या गरजांवरचा, बावीस पानी.
लाल पेन्सिलीने एकच शब्द जागोजाग अधोरेखित: मि.
तिच्या भाषेत ऱ्हस्व मि म्हणजे मी नव्हे,
आम्ही.
किंवा आपण. दोन्हींना एकच.

"हे कोण कोण? नावं सांगा."

नावं नाहीत.
लिहिताना वाटलं, कुणीतरी आहे सोबत,
एवढंच खरं.
साहेब हसतो, दमलेला, सकाळपासूनची चौथी फाइल.
"बाई, शेवटी सगळे एकाच बाजूचे ना, मि?"
मला मराठीत ऐकू येतं ते आपण,
खांद्यावर हात टाकणारं,
दुसऱ्या हाताने दार लावून घेणारं.

"तुम्ही त्यात नाही," एतेल्का म्हणते.

वाक्य तीन-चार शब्दांचं. नोकरी गेली.

आता ती ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिका अनुवादते:
क्लच दाबा, वंगण तपासा, झाकण घट्ट बसवा.
सगळी क्रियापदं आज्ञार्थी.
रात्री उशिरा स्वतःचं काही लिहू बघते
तर ओळीच्या मध्येच कुणीतरी घसा खाकरतं,
त्याच दमल्या आवाजात,
आणि नेमक्या जागी रेघ ओढतं.

हा आत कधी आला?
मी म्हणताना याला वगळायचं कसं?

ती त्याला हाकलत नाही.
खुर्ची सरकवते. म्हणते,
बसा. कोट राहू द्या अंगावर,
रेडिएटर इथलाही बंद आहे.