चौदाशेच्या अलीकडे

काउंटरखाली, खोकल्याच्या औषधांच्या खोक्याला
टेकवून ठेवलेला मोबाईल, त्यावर माझा डाव.
बिबवेवाडी, अप्परच्या शेवटच्या स्टॉपसमोर
रात्रीचे दहा पस्तीस.
रेटिंग तेराशे चौऱ्याण्णव.
चौदाशे मी आजवर लांबूनच पाहिलेत.

आधीच सांगून टाकतो : मी वजीर मारून मोकळा होतो.
पहिल्या पंधरा चालींत, संधी मिळाली रे मिळाली
की त्याचा आणि माझा, दोघेही पटाबाहेर.
एवढी ताकद एकाच सोंगटीत असलेली मला सोसत नाही,
माझी स्वतःची असली तरी.
गर्दीतून काचेची बरणी नेताना होतं तसं,
सगळं लक्ष बरणीतच.
ती एकदा गेली, की मला पट दिसायला लागतो.

मग मी राजा बाहेर काढतो.
पहाटे तळजाईला माणसं निघतात तसा,
कानटोपी घालून, घाई नसलेला,
एक घर, थांबून आणखी एक घर.
दोघांची प्यादी नाकाला नाक लावून अडलेली,
आधी कुणी सरायचं एवढाच प्रश्न.
इथे मी बरा आहे. खरंच बरा आहे.
समोरचा पंचविशीतला असतो, त्याला जांभया येतात.
मी बावीस वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापून
चार-चार मोजून देत आलोय.

उंट मात्र मला दिसत नाही.
कुठल्याही डॉक्टरचं अक्षर लावतो मी,
आपटीकर बाईंचं तर कागद उलटा धरूनही,
पण पटाच्या पार त्या टोकाकडून
तिरपा निघालेला उंट
माझा हत्ती घेऊन गेल्यावरच कळतो.
गंगाधामच्या उतारावर उलट्या बाजूनं स्कूटर येते ना, तसा.
दर वेळी म्हणतो, अरे, हा कुठून आला?
दहा चाली तो तिथेच उभा होता.

आणि घड्याळ.
"काका, तापाचं आहे का, लहान मुलाचं?"
मूल किती किलोचं, ताप कधीपासून, मागचा डोस कधी दिला,
हे विचारावंच लागतं.
बाटलीचं झाकण घट्ट आहे ना बघून परत येतो,
तोवर तीन प्यादी वरचढ असलेला डाव
वेळ संपून गेलेला.

परवा तन्वीरनं माझा एक डाव कॉम्प्युटरला दाखवला.
दुकानात असतो संध्याकाळचा, डी.फार्म. करतोय.
"दादा, एकविसाव्या चालीला दोन चालींत मात होती,
आणि तुम्ही वजीर कशाला मारलात?"
मी म्हटलं, दिसली होती मला.
तो हसला, थाप ओळखल्यासारखा.

पण दिसली होती.
एका फटक्यात काही संपवायचं म्हटलं
की माझा अंगठा दुसरीकडे जातो.
याला काय म्हणतात ते पुस्तकात नाही.

आत्ता समोर एक्वाडोरचा झेंडा आहे.
तिथे भर दुपार असेल.
राजासमोर राजा, मध्ये एक घर मोकळं, चाल त्याची,
आणि त्याचं नेट गेलंय.
खाली बटण आलंय : विजय घ्या.
सात गुण. चौदाशे एक.

तन्वीर अर्धं शटर ओढतो, गल्ल्याचे पैसे मोजतो,
मान लांबवून बघतो.
"दाबा की."
थांब रे, येईल.
"नाही आला तर?"
नाही आला तर त्याचं घड्याळ आहेच की. माझं बोट कशाला?

पन्नास सेकंद.
तीस.
समोरच्या वडापाववाल्यानं कढई उतरवून ठेवली.
अकराव्या सेकंदाला ठिपका हिरवा झाला
आणि प्यादं एक घर पुढे आलं.
नेमकं तेच, जे यायला नको होतं.

आता माझी चाल, एक मिनिट चार सेकंद,
विचार केला तर सापडेल अशी.
बाहेर मोटरसायकल थांबली. कुणीतरी वाकून
अर्ध्या शटरखालून आत बघतंय,
हेल्मेट काढायचंही सुचलेलं नाही.

मी मोबाईल तसाच ठेवून उठतो.
किती किलोचं आहे बाळ?