टपली

खरं नाव टॅपली. आर्थर टॅपली, तोफखाना, महू छावणी.
चिमणबागेत कुणाची जीभ तेवढी वळेना,
म्हणून टपली.
आणि बॉलही तो तसाच खेळायचा:
स्टंपांपाशी येऊ द्यायचा, अगदी घरात,
मग मागून डोक्यात एक, हलकेच. जा.
थर्ड मॅनला चार.

हे मला दादांच्या वहीतून कळतं.
माझे वडील, वामन धारकर, एरवी आबकारी कचेरीत कारकून,
रविवारी स्कोअरर.
पेन्सिल ब्लेडने तासायचे, चाकूने नाही.
जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म;
बाकीचं सोवळं आई बघायची.

टपली महूहून सकाळच्या गाडीने यायचा,
खांद्यावर बुटांचे दोन जोड, नाड्या एकमेकींत गुंतलेल्या.
खिळ्यांचे क्रिकेटला.
चामड्याच्या गुट्ट्यांचे संध्याकाळी,
मिलच्या पोरांबरोबर फुटबॉलला.
तिकडे म्हणे दोन्हींचा पगार मिळायचा त्याला.
उन्हाळाभर बॅट, हिवाळाभर बूट,
आणि मधल्या आठवड्यात आई विचारायची,
आता तू कोण आहेस रे?
(दादांना यातलं अर्धंच समजलं असणार. इंग्रजी त्यांचं कचेरीपुरतं.)

चव्वेचाळीसच्या डिसेंबरात
गोलकीपर रशीद आणि टपलीचा गुडघा
एकाच बॉलवर आले.
पुढच्या रविवारी वहीत:
टपली ६३, रनरसह.
'रनरसह'खाली दोन रेघा.
दादांनी कुणाच्या शतकाखालीही कधी रेघ मारली नव्हती.

मग युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या.
बावन्न साली पत्र आलं.
गुडघ्याची वाटी काढली, दोन्ही खेळ सुटले,
आता पेपरचं दुकान आहे.
माझी प्रत्येक धाव कुठल्या ना कुठल्या वहीत आहे, मिस्टर धारकर,
कोणत्या बॉलवर, कोणाच्या ओव्हरमध्ये.
गोलांचा मात्र नुसता आकडा, एकशे सतरा.
कुठला पाय, कुणाचा पास, वारा कुठला,
कोण सांगणार?
तुम्ही लिहिता. लिहाल?

दादा तीन रात्री कंदिलाशी बसले.
एकशे सतरा! आणि त्यांनी पाहिलेला एक.
आई म्हणाली, टाका की हो लिहून,
विलायतेहून कोण येतंय तपासायला?
त्यांनी ब्लेड घेतलं.

वहीचं शेवटचं पान.
धावांच्या, विकेटींच्या रकान्यांवरून
आडवं, चौकटी न जुमानता:

चिमणबाग. उजेड कमी.
वारा पश्चिमेचा, मिलचा धूर घेऊन.
पास भुरेलालचा.
डावा पाय.
रशीद उडाला. बोटं लागली, पुरली नाहीत.
टपली ओरडला नाही, हसला नाही.
बॉल जाळीमागे गटारात गेला होता,
तो आणायला स्वतः गेला.

एकूण १.
नक्कल टपालाने रवाना, ९ मार्च.