सोळा बाय वीस

राजमतीअक्का पहिल्यांदा शहापूरच्या दुकानात आली
तेव्हा रिक्षात तिची स्वतःचीच कादंबरी होती,
तीनशेतल्या दोनशे दहा प्रती, पुण्याहून परत आलेल्या.
म्हणाली, दस्तगीर, पुठ्ठे तेवढे सोडवून दे की.
सोडवले. आतली पानं रद्दीला जाऊ दिली नाहीत तिनं,
आणि पुठ्ठ्यांवर वर्षभर चित्रं काढली:
निपाणीकडची कापून मोकळी झालेली तंबाखूची शेतं,
वखारीत शिंकणाऱ्या बायका,
एकीलाही तोंड नाही, नुसता पदर.

पोटाला पाट्या रंगवायची.
कानडीत. गोल, सुबक.
‘अक्षर माझं नव्हे, पण वळण माझं,’ म्हणायची,
आणि रात्री मराठीत लिहायची.
एका मोर्चात तिच्याच पाट्यांना डांबर लागलं,
दुसऱ्या दिवशी पुसायचं काम तिलाच मिळालं.
रॉकेलचे पैसे वेगळे लावले तिनं.

चित्रकार म्हणत, बाई कादंबऱ्या छान लिहितात.
लेखक म्हणत, बाईंचा ब्रश फार चांगला.
ऐकून ती चहात खारी बुडवायची.
चार कादंबऱ्या, सहाशेवर चित्रं,
माझ्याकडं उधारी अकरा हजार चारशे.

मग आइसलँडचं बोलावणं आलं.
परतली तेव्हा ओठ फुटलेले, पिशवीत एक दगड.
‘बघ, राजहंसगडावरच्यासारखाच काळा.
माणसं आपल्या बेळगावाहून कमी, दस्तगीर,
आणि भाषेला अख्खा देश.
हिवाळ्यात एकमेकांना पुस्तकं देतात.
मी मराठीत वाचलं. कुणाला कळलं नाही.
पण मग तुम्ही तिकडं का राहता,
असं कुणी विचारलं नाही.’
दगड माझ्या काउंटरवरच राहिला.
बिलं उडू नयेत म्हणून ठेवतो.

गेल्या श्रावणात शेवटचं आणून दिलं:
एकशे बारा सुटी पानं, प्रत्येकावर चित्र,
चित्राच्या आत मुंगीएवढा मजकूर,
मराठी, मध्येच कानडी, पूर्णविराम कुठंच नाही.
फ्रेम करू का बायंडिंग, अक्का?
‘तूच बघ. मला आजवर कुणी सांगितलं नाही.’

पंधरा दिवसांनी गेली.

सोळा बाय वीसची काच मापून ठेवलीय.
हिरकणी हातात घेतो, खाली ठेवतो,
एक पान वाचतो. दिवसाला एकच.
गिऱ्हाईक बाहेरून विचारतं, उघडं आहे काय ओ?
काल सत्ताविसावं झालं.
तीच वखार, तोच पदर.
एकीला तोंड काढलंय.