कीप

छातीवरच्या बिल्ल्यावर वर माझं नाव, कालिंदी ढेरंगे,
खाली हाऊसकीपिंग.
अकरा वर्षं खराडीच्या सातव्या मजल्यावर
मी ते मिरवत फिरले, वाचलं कधी नाही.

चंदननगरची महापालिकेची शाळा, संध्याकाळचे साडेसात,
तिसरीच्या बाकांत गुडघे मावत नाहीत अशा आम्ही नऊ जणी.
तांबोळी सरांनी फळ्यावर लिहिलं:
कीप म्हणजे ठेवणे.

ठेवणं मला काय शिकवता, सर?
कप जागेवर ठेवते, खुर्च्या रांगेत, तोंड बंद.
पोस्टात आठ हजारांची ठेव आहे,
पावती पिठाच्या डब्याखाली.

पण सर म्हणाले, शब्द पाळला तरी कीप.
कोंबड्या पाळल्या तरी कीप.
उपास धरला, हिशेब लिहिला, गोठा राखला,
सगळं कीप.
एवढ्या सगळ्याला एकच भांडं?
शेवंता म्हणाली, गरीबच दिसतात बिचारे.

मग तिनंच विचारलं, नाव ठेवणं?
त्याला नेम, सर म्हणाले.
आणि नावं ठेवणं?
सर बराच वेळ हाताचा खडू झटकत राहिले.

भूतकाळी रूप केप्ट.
मागच्या बाकावर खुसखुस झाली.
ठेवलेली म्हणजे काय, ते बिनइंग्रजीचं
नऊही जणींना ठाऊक.
मला विचारायचं होतं
नांदवलं नाही, याला काय म्हणतात.
वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर
निम्मा मजला खोकी घेऊन लिफ्टपाशी उभा.
टेस्टिंगमधली नेहल पारखी,
तीन वर्षं रोज म्हणायची, मावशी, साखर कमी.
मनीप्लांटचा कप माझ्या हातात दिला.
कीप इट, मावशी.
आणि लिफ्टचं दार मिटता मिटता,
कीप इन टच.
नंबर तिनं दिला नाही, मीही मागितला नाही.
हे ठेवायचं कुठं, ते फळ्यावर आलं नव्हतं.

सोमवारी सर म्हणाले,
कीपच्या पुढं आयएनजीवालं क्रियापद आलं
की ठेवणे नाही, राहणे.
कीप गोइंग. जात राहा.
म्हणजे तोच शब्द,
जो वस्तू एका जागी बसवतो,
चालणं जोडलं की आपणच उठून निघतो.

मी बिल्ला पुढं केला.
सर, इथं तर आयएनजी आधीपासूनच आहे.
ते वेगळं, ते म्हणाले.
मग चष्मा काढला, पुसला.
म्हणाले, उद्या सांगतो.

मनीप्लांट आता मिक्सरच्या खोक्यावर आहे.
घोटभर पाणी घालते, एक दिवसाआड.
ठेवलंय म्हणावं, पाळलंय की जपलंय,
अजून ठरलं नाही.
कपावर कंपनीचं नाव आहे.
तेवढी बाजू
भिंतीकडं करून ठेवते.